दोन लहान मुलं आणि दिवसभर एकटी आई: वेळापत्रक मागणाऱ्या आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात धायरीतला सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट. मोठी मुलगी साडेतीन वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. आयटीतली नोकरी धाकट्याच्या वेळी सोडलेली. नवरा हिंजवडीला, सकाळी आठला बाहेर पडतो, नवले पुलाच्या गर्दीतून परत यायला रात्रीचे साडेआठ-नऊ होतात. सासूबाई सांगलीला. आई लिहितात: "दिवसभर घरीच असते, तरी एक काम धड होत नाही. मोठी मोबाइलशिवाय घास घेत नाही, धाकटा मांडीवरून उतरत नाही. संध्याकाळ झाली की मी ओरडत सुटते. परवा मोठीला फटका मारला आणि तिच्यापेक्षा मीच जास्त रडले. बाकीच्या आया कशा काय करतात? मला एक नीट वेळापत्रक करून द्या."

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सिंहगड रस्त्याच्या बाजूला बरीच वर्षं प्रॅक्टिस करते. ही तक्रार माझ्याकडे या शब्दांत क्वचितच येते. ती "डॉक्टर, हा काही खातच नाही हो" अशी येते, "रात्री सारखा उठतो" अशी येते, आणि मुलाला तपासलं तर मूल ठणठणीत असतं. मग मी आईकडे बघते. बहुतेकदा तपासायला हवी असते ती तीच.

वेळापत्रक मी देणार नाही. दहा महिन्यांचं बाळ दिवसा दोनदा झोपतं, कधी वीस मिनिटं, कधी दोन तास, आणि ते आपल्या हातात नसतं. अशा बाळाभोवती तासातासाचा तक्ता बांधला की दुपारी बारापर्यंत तो मोडतो आणि उरलेला दिवस "मला हेही जमत नाही" यात जातो. रीलमध्ये सकाळी पाचला उठून ओटा चकाचक ठेवणाऱ्या आया दिसतात, तिथे कॅमेरा धरायला दुसरं कुणीतरी घरात असतं, एवढं लक्षात ठेवा.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते दुसरंच. सकाळी आठ ते रात्री साडेआठ, बारा-साडेबारा तास, बंद दाराआड, दोन मुलं आणि एकच मोठं माणूस. याला कुठलंही वेळापत्रक पुरणार नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. तिथे सासूचा जाच होता, पाण्यासाठी रांगा होत्या, बायकांना स्वतःची खोलीसुद्धा नव्हती. पण रांगणारं मूल घेऊन बाई दिवसभर एकटी, हे तिथे होत नसे. कुणीतरी ओटीवर बसलेलं असायचं, मूल तिकडे जायचं आणि आई आंघोळ करून यायची. आपण जाच सोडला ते उत्तमच केलं, पण त्याबरोबर माणसंही सुटली. ती पुन्हा जमवायची आहेत, लागल्यास पैसे देऊन. माझं उत्तर एवढंच आहे, बाकी तपशील.

"घरीच असते तरी काम होत नाही" हे वाक्य आधी बाजूला ठेवू. घरकाम आणि मूल सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होते, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास नुसते घरकामाचे. मुलांची काळजी त्यात नाही, ती वेगळी मोजली आहे. आणि रांगतं मूल सांभाळणं म्हणजे गॅसवर दूध ठेवून दिवसभर दुसऱ्या खोलीत वावरण्यासारखं: हात रिकामे दिसतात, लक्ष मात्र एक क्षण सुटत नाही. हे अर्धं लक्षच माणसाला दमवतं. कपड्यांची घडी अर्धवट राहते ती आळसामुळे नव्हे, दर चार मिनिटांनी कुणीतरी हाक मारतं म्हणून.

तेव्हा पहिली गोष्ट, कामं कमी करा. पोळ्यांना मावशी लावा. धुण्याभांड्याला असतील तर पोळ्यांनाही लावा. इथे लगेच ऐकू येतं, "मी कमवत नाही, मग मावशीचे पैसे कुठल्या तोंडाने मागू?" हे मला इंजिनिअर झालेल्या, पगाराची स्लिप हातात घेतलेल्या मुली सांगतात! तुम्ही घरी आहात म्हणून पाळणाघराचा महिन्याचा खर्च वाचतोय. त्यातला थोडा भाग पोळ्यांवर गेला तर कुणावर उपकार होत नाहीत. पोळ्या सुटल्या की दिवसाचा जवळपास तासभर सुटतो. इस्त्री बाहेर द्या, मुलांच्या घरातल्या कपड्यांना इस्त्री करूच नका. सकाळचीच भाजी रात्री वाढा. घरात पसारा राहील, राहू दे. दोन लहान मुलांच्या घरात पसारा नसेल तर मला उलट काळजी वाटते.

दुसरी गोष्ट, तुमचं रक्त. बाळंतपणानंतर बाळाच्या लसीची फाइल चोख असते, आईची फाइल घरी आल्यावर कपाटात जाते. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ जीवनसत्त्व आणि टीएसएच (म्हणजे थायरॉईडची तपासणी) एवढ्या तपासण्या करून घ्या. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमीच. "बायकांचं दहा असतंच" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो, तो फेरिटिनमध्ये कळतो. घरी शाकाहार असेल तर बी-१२ हमखास बघा. पुण्यातल्याच के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात बी-१२ ची कमतरता फार मोठ्या प्रमाणावर दिसली होती. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉईड बिघडणंही नवीन नाही. यातलं काहीही कमी-जास्त असेल तर थकवा येतो, चिडचिड होते, केस गळतात, साधी गोष्ट विसरते. आणि बाई समजते की आपला स्वभावच बिघडला. लोहाची गोळी चालू झाली तर चहाबरोबर घेऊ नका. चहा आणि गोळी यांत तास-दोन तास जाऊ द्या, गोळीबरोबर लिंबूपाणी चालेल.

तुमचं जेवणही विचारते. मोठीच्या ताटातलं उरलेलं आणि उभ्याने खाल्लेली अर्धी पोळी, असं असेल तर ते जेवण नव्हे. अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा जास्त लागतं. डब्यात शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली अंडी खात असाल तर ती, आणि दुपारी मुलांबरोबर बसून वरण-भात, उसळ. ऐन दुपारी मुलं झोपली की ओटा आवरायला जाऊ नका. आधी जेवा, मग आडव्या व्हा.

आता धाकटा. आठ-दहा महिन्यांच्या आसपास बाळाला कळू लागतं की आई म्हणजे आपण नव्हे, ती उठून जाऊ शकते. पण गेली की परत येते, हे अजून नीट कळलेलं नसतं. म्हणून तुम्ही बाथरूमला गेलात तरी तो दाराशी आकांत करतो. ही वाईट सवय नाही, वाढीतला टप्पा आहे आणि दोन वर्षांच्या सुमाराला हळूहळू निवळतो. "मांडीची सवय लावलीस" म्हणणाऱ्यांना बोलू दे. जाताना सांगून जा, न सांगता सटकू नका, आणि जाता-येता बोलत राहा. रात्री एक-दोनदा उठणंही या वयात वावगं नाही. त्याचं खाणं मात्र मिक्सरमधून काढत असाल तर मिक्सर बंद करा. दहाव्या महिन्यात वरण-भात हाताने कुस्करलेला, मऊ खिचडी, नाचणीची खीर, शिजलेल्या भाज्यांच्या बोटाएवढ्या फोडी त्याच्या हातात द्या. या वयात गुठळीचं खाणं तोंडाला ओळखीचं झालं नाही तर पुढे मूल सगळंच थुंकतं. वर्षाच्या आत मीठ-साखर घालायची गरज नाही आणि मध अजिबात नाही, जिभेला चाटवण्यापुरताही.

मोठीच्या जेवणाचं सविस्तर सांगते, कारण तुमच्या दिवसातले सगळ्यात जास्त तास तिथे जात असणार.

जन्माच्या वेळी पावणेतीन-तीन किलोचं मूल वर्षभरात साधारण तिप्पट होतं, म्हणजे पहिल्या वर्षात पाच-सहा किलो वाढतं. दुसऱ्या वर्षात ते अडीच किलोच्या आसपास वाढतं आणि पुढे वर्षाला साधारण दोन. वाढ मंदावली की भूकही मंदावते. पण घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांसमोर ते वर्षाचं गुटगुटीत बाळ असतं, म्हणून साडेतीन वर्षांची मुलगी अर्धी पोळी खाऊन उठली की "काहीच खात नाही" सुरू होतं. मग घास मागे धावतो, मग मोबाइल येतो. मोबाइलसमोर मूल तोंड उघडतं खरं, पण आपण काय खातोय आणि पोट भरलं का, याकडे त्याचं लक्षच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेलं आहे की दोन वर्षांखाली स्क्रीन नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, कमी असेल तर बरं. जेवणाचा वेळ त्या तासात धरू नका.

आधी हे बघा की ती दूध किती पिते. पुष्कळ घरांत तीन-चार ग्लास दूध आणि वर बिस्किटं पोटात जातात आणि जेवणाला भूक राहत नाही. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध नको. गाई-म्हशीच्या दुधात लोह अगदी कमी. दुधावरच वाढलेल्या मुलांचं हिमोग्लोबिन कमी निघतं, आणि रक्त कमी असलं की भूक आणखी मरते. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय होता. तेव्हा तुमच्याबरोबर तिचंही रक्त द्या.

मोबाइल काढायचा तर एका दिवसात काढा, शनिवारी, नवरा घरी असताना. हळूहळू कमी करण्याच्या नादात रोज तेच भांडण नव्याने होतं. जमिनीवर सगळ्यांची ताटं एकत्र, तिचं ताट लहान, त्यात तिला आवडणारा एक पदार्थ नक्की: मेतकूट-भात, तूप-गूळ-पोळी, थालीपीठ, काय असेल ते. काय वाढायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे ती ठरवेल. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, न रागावता, न मिनतवारी करता. मधल्या वेळेत बिस्किट-फरसाण नाही. पहिले तीन-चार दिवस वाईट जातील, ती उपाशी झोपेल की काय असं वाटेल, आजीचा फोन येईल. निरोगी मूल समोर अन्न असताना स्वतःला उपाशी मारत नाही. वजन वाढीच्या तक्त्यावर आपल्या रेषेने चाललंय ना, ते दर तीन महिन्यांनी बघू. ते घसरत असेल तर मी स्वतःच काळजी करेन, तेव्हा तुम्हाला सांगेन.

संध्याकाळ. तुमचं ओरडणं सहाच्या सुमाराला सुरू होतं, असं मी न विचारता सांगते, कारण सगळ्यांचं तेव्हाच होतं. दुपारची झोप उतरलेली असते, मुलांना भूक लागलेली असते, स्वयंपाकाची वेळ असते, कुकरची शिट्टी, दारावर कुरिअर आणि नवरा अजून बावधनच्या पुढे सरकलेला नसतो. त्या वेळी तुमच्या संयमाची परीक्षा घेऊ नका, त्या वेळेची रचनाच बदला. चारला उठल्यावर खाऊ, आणि पाचच्या आत दोघांना घेऊन खाली. सोसायटीत बाकडं असेल तर तिथे, नसेल तर जवळचं उद्यान. साडेतीन वर्षांच्या मुलीला दिवसभरात तीन तास तरी हालचाल हवी असते, ती फ्लॅटमध्ये झाली नाही की सोफ्यावरून उड्यांत होते. पावसाळ्यात पार्किंगच्या कोरड्या भागात जा, भिजलं तरी घरी येऊन गरम पाण्याची आंघोळ आहेच. साडेसहाला वर आल्यावर आंघोळ आणि लगेच मुलांचं जेवण. तुमचं आणि नवऱ्याचं जेवण नंतर. मुलांना नऊपर्यंत बाबांसाठी थांबवून ठेवू नका. साडेतीन वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप लागते, ती कमी पडली की दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ आजच्यापेक्षा वाईट.

खाली जाण्याचं खरं कारण मुलं नाहीत, तुम्ही आहात. तिथे दुसरी कुणीतरी आई भेटते, आजी-आजोबा भेटतात. चार दिवस नुसतं हसणं, मग नावं, मग "जरा बघता का, मी वरून दूध गॅसवरनं उतरवून येते". असंच माणूस मिळतं.

हात उचलला गेला त्याबद्दल. पुन्हा तसा राग डोक्यात गेला तर धाकट्याला पाळण्यात किंवा जमिनीवर सुरक्षित ठेवा, मोठीला सांगा "आईला राग आलाय, मी पाणी पिऊन येते", आणि दोन मिनिटं बाल्कनीत जा. रडू दे दोघांना. दोन मिनिटं रडल्याने काही होत नाही. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. शांत झाल्यावर मोठीजवळ बसून "मी मारायला नको होतं" एवढं म्हणा. त्यावर खाऊची लाच नको, लांब भाषणही नको.

पण एक नीट तपासून बघा. बाळ झोपलेलं असतानाही तुम्हाला झोप येत नाही, आवडती गोष्टही नकोशी वाटते, सारखं रडू येतं, "मी नसते तर मुलांचं बरं झालं असतं" असं मनात येतं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर तो थकवा नव्हे. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षभरात कधीही डोकं वर काढतं, सव्वा महिना झाला की धोका संपला असं नसतं. त्यावर उपचार आहेत, अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधंही आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. "मी नसते तर" हा विचार मनात आला असेल तर आजच फोन करा आणि नवऱ्याला आजच सांगा.

आता नवरा. तो दुष्ट नाही, रोज तीन-चार तास रस्त्यावर असतो, मान्य. पण सकाळी साडेसहा ते आठ तो घरीच असतो ना? मोठीला उठवणं, दात, आंघोळ, नाश्ता हे त्याचं. रोज, न सांगता. तुम्ही त्या वेळात धाकट्याबरोबर लोळत पडा. आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम मिळत असेल तर ते मागून घ्यायला लावा. आणि रविवारी सकाळी आठ ते बारा दोन्ही मुलं त्याची, घराबाहेर. तळजाईची टेकडी आहे, पेशवे उद्यानातली फुलराणी ही मुलांची आगगाडी आहे, कात्रजचं प्राणिसंग्रहालय आहे. पिशवीत काय भरायचं ते त्याचं त्याने शोधायचं, फोन करून "लंगोट कुठे?" विचारायचं नाही. ते चार तास तुम्ही ओटा घासण्यात घालवलेत तर मात्र मी तुमच्यावर रागावेन.

सासूबाई सांगलीहून पंधरा दिवस येणार असतील तर जरूर बोलवा. फक्त जेवणाचा आणि मोबाइलचा नियम त्यांच्याशी आधी नवऱ्याने बोलायचा. सुनेने सांगितलं की तो भांडणाचा विषय होतो, मुलाने सांगितलं की "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढ्यावर भागतं. माझं नाव खुशाल पुढे करा.

मोठीला प्लेग्रुपला घाला, दोन-तीन तास. तिथे ती ए-बी-सी-डी शिकेल म्हणून नव्हे. लिहायला लावणारा, गृहपाठ देणारा प्लेग्रुप असेल तर तो टाळाच. मातीत खेळू देणारा, घराच्या जवळचा आणि चार मुलांमागे एक ताई असणारा बघा. महागड्या खेळण्यांची घरीही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. तुमच्याकडे मटार सोलायचे आहेत, कोथिंबीर निवडायची आहे, रुमालांच्या घड्या आहेत. ती चुकीच्या घड्या घालेल, पण अर्धा तास तुमच्याजवळ बसून घालेल.

एक गोष्ट पत्रात नाही, पण रांगतं बाळ आणि थकलेली आई एकत्र आली की मला आठवतेच. बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवू नका, वीतभर पाण्यातही बाळ बुडतं. चहाचा कप हातात असताना बाळ मांडीवर नको. रिमोटमधला नाण्यासारखा चपटा सेल गिळला गेला तर वाट बघू नका, अन्ननलिका भाजायला दोन तास पुरतात, थेट मोठ्या रुग्णालयात जा. आणि चार वर्षांखालच्या दोघांनाही अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका; शेंगदाणे कुटून, द्राक्षं उभी चिरून.

धाकट्याचा गोवर-रुबेलाचा डोस नऊ महिन्यांनंतर असतो. तो राहिला असेल तर याच आठवड्यात या, महापालिकेच्या दवाखान्यात घेतलात तरी चालेल, तिथे तो फुकट आहे. त्याच खेपेला तुमच्या आणि मोठीच्या रक्ताचं उरकून घ्या. आणि शनिवारी यायचं ठरवलंत तर नवऱ्याला बरोबर आणा, सकाळच्या नाश्त्याचं त्यांना मी सांगते.